शाळेत परतलेल्या मुलांना पुन्हा वाचते कसे करावे

जून २०२२ मध्ये माझ्यासमोर तिसरीत येऊन बसलेल्या मुलांनी पहिलीचा वर्ग पाहिलेलाच नव्हता. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ती अंगणवाडीत होती. त्यांची पहिली फोनवर गेली, आणि ज्यांच्या घरी फोन नव्हता त्यांची तशीच गेली. दुसरीचा वर्ग १ डिसेंबर २०२१ ला उघडला, जानेवारीत पुन्हा बंद झाला आणि २४ जानेवारीनंतर सुरू झाला तो उन्हाळी सुट्टीपर्यंत. अशा मुलाच्या हाती तिसरीचे पुस्तक देऊन ‘उजळणी करून घ्या’ असे सांगणे मला अन्यायाचे वाटते, कारण जे शिकवलेच गेले नाही त्याची उजळणी होत नाही. ही केवळ माझ्या वर्गाची स्थिती नव्हती. मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतील मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. २०२२ मध्ये ती २०.५ टक्क्यांवर आली.

त्यानंतर दरवर्षी अशा मागे राहिलेल्या काही मुलांना मी वाचायला शिकवत आले आहे. पहिले आठ-दहा दिवस मुलांना शाळेची वेळ, रांग, डबा आणि शेजारी बसणारे मूल यांची सवय होऊ द्यावी. त्या काळात गोष्टी सांगाव्यात, गाणी घ्यावीत.

त्यानंतर प्रत्येक मुलाचा वाचनस्तर एकेकट्याला बाजूला घेऊन तपासावा: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. एवढे चार स्तर पुरतात. मात्र हा मजकूर मुलाने पूर्वी कधीही ऐकलेला नसावा. पाठ्यपुस्तकातील धडा दिल्यास मोठ्या भावंडाकडून ऐकून पाठ झालेला धडा मूल घडाघडा म्हणते आणि आपण त्याला वाचक समजून पुढे जातो. शंका आली तर ‘टाबी’, ‘नूपे’, ‘गोला’ असे आधी न पाहिलेले, शक्यतो निरर्थक शब्द लिहून द्यावेत. तेथे स्मरणशक्ती कामाला येत नाही आणि खरा स्तर लगेच दिसतो. स्तरानुसार गट करावेत, पण गटांना ‘हुशार’ किंवा ‘कच्चे’ म्हणू नये.

आता ज्या टप्प्यावर मी स्वतः एक अख्खे सत्र वाया घालवले, त्याविषयी. अक्षरे ओळखणारे मूल शब्द का वाचू शकत नाही, हे मला बराच काळ उमगत नव्हते. मी रोज बाराखडी म्हणून घेत होते, मुले सुरात म्हणत होती, आणि मला वाटत होते की काम पुढे सरकत आहे. एके दिवशी एका मुलीसमोर मी बाराखडीच्या ओळीतील फक्त ‘कु’ उघडा ठेवून बाकीची अक्षरे हाताने झाकली. तिने मनातल्या मनात ‘क’पासून म्हणत येऊन, बोटे मोजून ‘कु’ सांगितले. तिला बाराखडी पाठ होती. उकाराचा आवाज मात्र ठाऊक नव्हता. २०२१ मध्ये राज्याने ४५ दिवसांचा सेतू अभ्यास आणला, तो मागील इयत्तेचा पाया जोडण्यासाठी उपयोगी होता, पण ज्या मुलांकडे तो मागील पायाच नव्हता त्यांच्यासाठी मला याहून मागे जावे लागले.

म्हणून माझे ठाम मत आहे की बाराखडी आडवी घोकून घेऊ नये, ती उभी शिकवावी. एका अक्षराला बारा चिन्हे लावण्याऐवजी एकच चिन्ह अनेक अक्षरांना लावावे: का, मा, ना, ला, चा, बा. असे केल्याने मुलाच्या लक्षात येते की अक्षर बदलले तरी कान्याचा आवाज तोच राहतो, आणि हे एकदा उमगले की उरलेली अक्षरे ते स्वतःच वाचते. लगेच त्याच चिन्हाचे शब्द द्यावेत: काका, चाक, वारा, बाजार, सामान. एका चिन्हाला चार ते पाच दिवस लागतात, आणि रोज चाळीस मिनिटे पुरतात. नवे चिन्ह घेतल्यावर जुन्या चिन्हांचे शब्द त्यात मिसळत राहावे.

चिन्हांचा क्रमही महत्त्वाचा आहे. काना झाल्यावर दुसरी वेलांटी घ्यावी (पाणी, गाडी, नदी), मग उकार (लाडू, चाकू, गुलाब), मग मात्रा आणि काना-मात्रा (शेत, मोर, बैल). पहिली वेलांटी सर्वांत शेवटी. ती अक्षराच्या आधी लिहिली जाते पण नंतर उच्चारली जाते, आणि डावीकडून उजवीकडे वाचू लागलेले मूल तिला मागच्या अक्षराला जोडून टाकते. ‘कविता’ हा शब्द ‘कीवता’ असा वाचणारी मुले मी दरवर्षी पाहते. हा निष्काळजीपणा नाही, त्यामुळे रागावू नये. वेलांटी रंगीत खडूने लिहावी, तिची कमान कोणत्या अक्षरावर झुकली आहे ते मुलालाच बोटाने दाखवायला सांगावे, आणि विळा, दिवा, चिमणी असे त्याच्या घरातले शब्द द्यावेत.

मूल अडखळले की शब्द सांगून टाकण्याचा मोह आवरावा. मी पूर्वी तो आवरत नसे, आणि मुले पुस्तकाऐवजी माझ्या ओठांकडे पाहत असत.

पहिल्या वेलांटीनंतर जोडाक्षरे: प्रथम गल्ली, पक्का, बच्चा, मग पुस्तक, म्हण, रफार आणि रकार अखेरीस.

सर्व चिन्हे येऊ लागल्यावर मुलाला त्याच्या इयत्तेचे पुस्तक हाती द्यावे. माझ्या अनुभवात यास सुमारे तीन महिने लागतात, आणि ‘अभ्यासक्रम मागे पडतो’ म्हणून कोणी घाई करण्यास सांगितले तरी करू नये. लेखन, श्रुतलेखन आणि गणितातील शाब्दिक उदाहरणे याच काळात चालू ठेवता येतात, फक्त त्यांतील शब्द शिकवलेल्या चिन्हांचेच असावेत.

पालकांना मी एवढेच सांगते. रोज दहा मिनिटे मुलाला घरातील काहीही वाचू द्यावे: बिस्किटाचा पुडा, एसटीची पाटी, दिनदर्शिका, लग्नाची पत्रिका. अडले तर उत्तर सांगू नये. ज्या चिन्हावर ते अडले आहे त्यावर बोट ठेवून थांबावे, आणि ते चिन्ह दुसऱ्या दिवशी बाईंना कळवावे.