क्रूझवर जागा धरायची नसते: मुरगावला जहाजात चढताना या चुका टाळा

भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी कोकण बोट पणजीच्या धक्क्याला लागायची, त्या काळात माझ्या आईने लग्नाआधी दोनदा त्या बोटीने प्रवास केला होता. बोटीवर चढायचं म्हणजे आधी घरातल्या कुणीतरी धावत पुढे जाऊन डेकवर सतरंजी अंथरायची, हे तिच्या मनात पक्कं बसलेलं. गेल्या थंडीत आम्ही गोव्यातल्या वास्कोच्या मुरगाव बंदरातून मुंबईला क्रूझने निघालो. तिकिटावर चेक-इनची वेळ दुपारी अडीचची होती. आई सकाळी साडेआठला तयार होऊन फोंड्याच्या घरात दाराशी बसली. आम्ही तिचं ऐकलं, अकराला बंदरावर पोचलो आणि पुढचे तीन तास उन्हात, सामानावर बसून काढले. ती ७१ वर्षांची आहे आणि तिचे दोन्ही गुडघे दुखरे आहेत. जहाजात पाऊल टाकलं तेव्हा ती इतकी थकली होती की समुद्र बघायलासुद्धा वर आली नाही. हे सगळं टाळता आलं असतं, म्हणून लिहिते आहे.

लवकर गेलो की लवकर आत जाऊ, ही समजूत

एसटीत रुमाल टाकायचा, लग्नाच्या पंगतीत खुर्चीमागे उभं राहायचं, रेल्वेच्या जनरल डब्यात खिडकीतून पिशवी सरकवायची, ही आपली सवय. आणि जिथे जागा खरोखर मर्यादित असते तिथे ती चूकही नाही. क्रूझवर मात्र केबिनचा नंबर ठरलेला असतो. तुम्ही शेवटून दुसरे पोचलात तरी ती केबिन तुमचीच राहते.

वेळ वाटून देण्यामागे कारण असतं. गोव्याला येणारं जहाज बहुधा मुंबईहून आलेलं असतं. ते धक्क्याला लागलं की आधी गोव्यात प्रवास संपणारे लोक उतरतात, मग त्यांच्या केबिन साफ होतात, पलंगपोस बदलले जातात. तोपर्यंत नव्या प्रवाशांना आत घेऊन बसवणार कुठे? त्यामुळे अकराला पोचलेल्या माणसाला काउंटर उघडण्याची वाट बघण्यापलीकडे काही करता येत नाही.

मुरगावच्या गर्दीला आणखी एक पदर आहे, तो पहिल्यांदा जाणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. मुंबईहून येऊन त्याच जहाजाने पुढे जाणारे कितीतरी प्रवासी सकाळी गोवा बघायला उतरलेले असतात. जुन्या गोव्याची चर्च, मंगेशी, एखादा किनारा असं करून ते जहाज सुटायच्या दोन-एक तास आधी एकदम परततात, हातात काजूच्या पिशव्या घेऊन. त्यांची तपासणी आणि तुमची तपासणी कधी कधी एकाच यंत्रावर चालते. म्हणून दिलेल्या वेळेच्या पहिल्या अर्ध्या तासात पोचणं सगळ्यात सोयीचं. ‘थोडं उशिरा जाऊ, रांग ओसरेल’ हा हिशेब इथे उलटतो.

उशिराची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. चेक-इन जहाज सुटायच्या बरंच आधी बंद होतं, अनेक जहाजांवर तासभर ते दीड तास आधी. सुटण्याची वेळ सहाची म्हणजे सहाला पोचायचं नसतं. दोन्ही वेळा तिकिटावर वेगवेगळ्या छापलेल्या असतात. मी तर चेक-इनची वेळ लाल शाईने गोल करून सगळ्यांना फोटो पाठवते.

टॅक्सीवाल्याला नुसतं ‘क्रूझ’ सांगणं

गोव्यात ‘क्रूझ’ म्हटलं की पहिली आठवते ती पणजीची मांडवीतली तासाभराची सफर, सांता मोनिका जेटीवरून सुटणारी. त्यामुळे टॅक्सीत बसून ‘क्रूझला जायचंय’ एवढंच सांगितलं तर तुम्ही सरळ पणजीला पोचू शकता. आणि तिथून वास्को सुमारे ३० किलोमीटर. ‘मुरगाव बंदर’ सांगा, ‘वास्कोला हार्बर’ सांगा, आणि तिकिटावर गेट किंवा टर्मिनलचा उल्लेख असेल तर तो वाचून दाखवा.

माझा भाऊ आणि वहिनी पुण्याहून विमानाने आली. तिकिटावर ‘गोवा’ होतं, दोघांच्या मनात दाबोळी. उतरली ती मोपाला. दाबोळीचा विमानतळ वास्कोपासून अगदी जवळ, टॅक्सीने जरा वेळात बंदर. जानेवारी २०२३ पासून सुरू झालेला मोपाचा विमानतळ पेडण्यात, राज्याच्या पार उत्तर टोकाला. तिथून मुरगाव ६० किलोमीटरहून जास्त, मध्ये म्हापसा, पर्वरी आणि पणजीची वाहतूक. ती दोघं चेक-इन बंद व्हायला वीस मिनिटं असताना पोचली. वहिनीचा चेहरा पांढरा पडला होता. विमानाचं तिकीट काढताना कोणता विमानतळ ते नीट बघा, आणि शक्य असेल तर आदल्या दिवशीच गोव्यात या.

रेल्वेचंही तेच. मांडवी, कोकणकन्या, मुंबईची वंदे भारत या गाड्या मडगावला संपतात. मडगाव ते वास्को पुन्हा तीसेक किलोमीटर रस्ता. पुणे, सातारा, मिरज, बेळगावकडून येणाऱ्यांना गोवा एक्सप्रेस थेट वास्कोपर्यंत आणते, पण लांबून येणारी गाडी उशिरा धावली तर जहाज तुमच्यासाठी थांबणार नाही. त्याच दिवशीच्या गाडीवर भरवसा ठेवू नका.

गोव्यात ओला-उबर चालत नाहीत. गोवामाइल्स हे टॅक्सीचं ॲप आहे, आणि स्थानिक टॅक्सी आहेत. परतीच्या प्रवासात मुरगावला उतरणार असाल तर गाडी आधी ठरवून ठेवा, कारण शेकडो लोक एकाच वेळी बाहेर पडतात. एकटे असाल आणि पाठीवर एकच सॅक असेल तर वास्कोत पायलट, म्हणजे आपली मोटरसायकल टॅक्सी, उत्तम. आणखी एक सांगते: हे मालवाहू बंदर आहे. कोळसा, खनिज, ट्रक, क्रेन, सगळं तिथेच चालतं. फाटकावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान असतात आणि तिकीट, ओळखपत्र दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत. पोचवायला आलेल्या चार नातेवाइकांचा निरोप घरीच घ्या. ते आत येऊ शकत नाहीत, आणि फाटकासमोर गाडी थांबवून चाललेली गळाभेट मागच्या सगळ्यांना अडकवते.

कागद एकाच्या पर्समध्ये

रांग सगळ्यात जास्त कुठे अडते? नावावर. तिकीट ‘मंदा’ या नावाने, आधार कार्डावर ‘मंदाकिनी’. तिकीट सासरच्या आडनावाने, पासपोर्ट माहेरच्या. नाईक, कामत, प्रभू यांचं रोमन स्पेलिंग तर एकाच घरात तीन तऱ्हांनी असतं. काउंटरवरचा माणूस नाव पडताळल्याशिवाय पुढे जाऊ देणार नाही, आणि त्याने देऊही नये. तिकीट काढल्या दिवशी ओळखपत्र शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. दुरुस्ती घरून होते, धक्क्यावर नाही.

आपल्याकडे कितीतरी घरांत एका भावाकडे भारतीय पासपोर्ट आणि दुसऱ्याकडे पोर्तुगीज. पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्याने मूळ पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) दोन्ही जवळ ठेवायला हवं, प्रवास मुंबईपर्यंतचाच असला तरी. लहान मुलांचेही ओळखपत्र लागतात. बहुतेक जहाज कंपन्या सहा महिन्यांखालच्या बाळांना आणि २४ आठवडे उलटलेल्या गरोदर बायकांना घेत नाहीत, हे आरक्षणाआधीच वाचा.

वेब चेक-इन घरी करून घ्या, फोटोसकट. बोर्डिंग पास फोनमध्ये असेलच, पण छापील प्रतही घ्या. आणि ज्याचे कागद त्याच्याच हातात द्या. कर्त्या माणसाकडे आठ जणांचे कागद असले की काउंटरवर आठ वेळा शोधाशोध होते.

मोठी बॅग हातातून गेली, की संध्याकाळपर्यंत ती तुमची नाही

हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. धक्क्यावर मोठ्या बॅगा ताब्यात घेतात, टॅग लावतात आणि त्या थेट केबिनच्या दाराशी येतात. ऐकायला छान. पण हजाराहून अधिक बॅगा तपासून, डेकप्रमाणे वेगळ्या करून पोचवायला वेळ लागतो. आमची बॅग रात्री साडेआठला आली. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्यात होत्या. ती संध्याकाळची गोळी सातला घेते. तो दीड तास मी पुन्हा अनुभवू इच्छित नाही.

म्हणून एक छोटी हातपिशवी प्रत्येकाची वेगळी. त्यात औषधं, चष्मा, कागद, चार्जर, पाण्याची बाटली, लहान मुलांचे कपड्यांचे दोन जोड, एक पातळ शाल. आतली हवा थंडगार असते आणि उन्हातून घामाघूम होऊन आलेल्या म्हाताऱ्या माणसाला ती लगेच बाधते. दागिने, रोकड, लॅपटॉप मोठ्या बॅगेत टाकू नका. पोहायचं असेल तर पोहण्याचे कपडेही हातपिशवीत, कारण तलाव पहिल्या दुपारी मोकळा असतो.

टॅग घरी छापायला दिला असेल तर तो नीट घडी घालून, चिकटपट्टी लावून हँडलला घट्ट बांधा. बॅगेच्या आतही नाव, केबिन नंबर आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी टाका. मागच्या प्रवासांचे विमानाचे जुने टॅग काढून टाका.

आता बॅगेत काय नको. इस्त्री, पाणी गरम करायची किटली किंवा कॉइल, मेणबत्ती, उदबत्ती, निरांजन, सुरी, ड्रोन. भर समुद्रात जहाजाला सगळ्यात मोठी भीती आगीची असते, म्हणून हे नियम कडक आहेत आणि ते योग्यच आहेत. देवाला दिवा लावायची सवय असलेल्या आईला हे घरीच समजावून सांगा, तपासणीच्या पट्ट्यासमोर नव्हे. घरचं शिजवलेलं अन्न सहसा आत नेता येत नाही. बंद पाकिटातला कोरडा खाऊ चालतो का, ते कंपनीला विचारा. दारू बहुतेक जहाजांवर काढून ठेवतात आणि उतरताना परत देतात. मुंबईतल्या मित्रासाठी काजूफेणी नेत असाल तर गोव्याबाहेर नेण्याचा अबकारी परवानाही लागतो.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी वेगळी सोय मागायला लाजणं

व्हीलचेअर आगाऊ मागता येते. आमच्या आईने ‘लोक काय म्हणतील’ म्हणून नको म्हटलं आणि मी ऐकलं, ही माझी सगळ्यात मोठी चूक. तपासणी, काउंटर, मग जहाजापर्यंतचं अंतर, आणि शेवटी गँगवे, म्हणजे धक्क्यावरून जहाजात चढायचा पूल. भरती-ओहोटीप्रमाणे जहाज वर-खाली होतं, त्यामुळे गँगवेचा चढ कधी सौम्य असतो तर कधी चांगलाच उभा. हे मुरगावला राहणाऱ्याला सांगावं लागत नाही, फोंड्याहून आलेल्या मला ठाऊक नव्हतं. तिकीट काढतानाच कळवा. कुटुंब मोठं असेल तर एक धडधाकट माणूस ज्येष्ठांसोबत ठेवा आणि त्याच्याकडे दुसरं कुठलंही काम देऊ नका.

आत गेल्यावरची गर्दी

चढल्यावर सगळे एकदम वरच्या डेकवरच्या बुफेकडे धावतात. लिफ्टसमोर रांग, ताटांसमोर रांग, टेबल धरायला पुन्हा रुमाल! बुफे तासन्‌तास चालू असतो. अर्धा तास खाली बसा, सरबत घ्या, मग जा. एखादं शांत भोजनगृहही उघडं असतं, कर्मचाऱ्यांना विचारलं की सांगतात. जैन किंवा उपासाचं जेवण हवं असेल तर ते त्याच वेळी सांगून ठेवा.

मस्टर ड्रिल (संकटकाळचा सराव) चुकवणं

इथे मी कुणाचंही ऐकून घेत नाही. सुटण्यापूर्वी प्रत्येकाला आपलं मस्टर स्टेशन, म्हणजे संकटात जमायची जागा, कुठे आहे, लाइफ जॅकेट कसं घालायचं, धोक्याची घंटा कशी ओळखायची (सात आखूड आणि एक लांब भोंगा) हे समजून घ्यावं लागतं. इटलीत १३ जानेवारी २०१२ रोजी कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज जिलियो बेटाजवळ खडकावर आदळलं. ३२ माणसं गेली. त्या दिवशी मधल्या बंदरात चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता, तो दुसऱ्या दिवशी ठेवला होता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून सराव सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घेणं बंधनकारक झालं. गोव्यातून चढणारे आपणही मधल्याच बंदरातून चढणारे. मुंबईच्या प्रवाशांचा सराव आधीच झालेला असतो, ते निवांत बसलेले दिसतात, आणि त्यांच्याकडे बघून आपल्यालाही वाटतं की राहिलं तरी चालेल. राहू देऊ नका. आजी-आजोबांना प्रत्यक्ष चालत नेऊन जागा दाखवा, आणि जिन्याने दाखवा, कारण संकटात लिफ्ट वापरायची नसते.

अडलंच तर

बॅग रात्री नऊपर्यंत आली नाही तर स्वागतकक्षात जा. बरेचदा ती सुरक्षा विभागात थांबलेली असते, आत इस्त्री किंवा बाटली दिसली म्हणून. तुमच्यासमोर उघडतात, वस्तू काढून ठेवतात, बॅग देतात. टॅग तुटला असेल तर आतली चिठ्ठी कामी येते. रांगेत कुटुंबाची चुकामूक झाली तर फोनवर ओरडत बसू नका, काउंटरनंतरच्या पहिल्या मोकळ्या जागी भेटायचं असं आधी ठरवून ठेवा. रस्त्यात अडकलात, उशीर होणार हे दिसलं, तर कंपनीच्या मदत क्रमांकावर लगेच कळवा. पोचल्यावर सांगितलेलं कारण आणि तासभर आधी दिलेली खबर यात फरक पडतो.

आणि फोन. जहाज मुरगावचा धक्का सोडून उत्तरेला वळतं तेव्हा उजव्या हाताला आग्वाद किल्ल्याचा दीपस्तंभ दिसतो. तोवर नेटवर्क बरं असतं. पुढे किनारा मागे पडला की फोन जहाजावरचं उपग्रहाचं महागडं रोमिंग पकडू शकतो, म्हणून घरी काय कळवायचं ते आग्वाद दिसतोय तेवढ्यात कळवा आणि मग फोन एअरप्लेन मोडवर टाका.