घरी काम केलं आणि गाडी सुरूच होईना? या चुका टाळा

रविवारी बोनेट उघडलं, सगळं चकाचक केलं आणि चावी फिरवली तर नुसतं कट कट कट. माझं असं दोनदा झालंय आणि दोन्ही वेळा मी आधी मेकॅनिकला फोन लावला, ही पहिली चूक. सकाळपर्यंत चालणारी गाडी दुपारी बंद पडली तर शेवटचा हात आपण जिथे लावला होता तिथेच बघायचं, बाकी गाडीला काही झालेलं नसतं बहुतेक वेळा.

बॅटरीचे टर्मिनल साफ केले असतील तर हाताने फिरवून बघा. जरा जरी हललं तरी ते ढिलं आहे, १० नंबरचा पाना घ्या आणि आवळा. खूप जण इथे फसतात कारण डॅशबोर्डचे दिवे लागतात, हॉर्नही वाजतो, मग वाटतं बॅटरी ठीक आहे, पण दिव्यांना करंट लागतो किती, सेल्फला, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटरला, शंभर अँपिअरच्या वर लागतो, तो ढिल्या टर्मिनलमधून जात नाही आणि सेल्फ मारला की सगळं विझतं. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी, नाहीतर पाना बॉडीला टेकला की ठिणगीच.

सेल्फ मस्त फिरतोय पण गाडी पकडत नाही, हे प्रकरण वेगळं. एअर फिल्टर बदलताना सेन्सरचा कपलर, म्हणजे वायरीचा प्लास्टिकचा जोड, काढला होता का? स्पार्क प्लग बदलताना त्याला करंट देणाऱ्या कॉइलचा कपलर टक आवाज येईपर्यंत बसवला का? माझा नुसता टेकवलेला होता, वरून बघितलं तर एकदम बसल्यासारखा, तास गेला तेवढ्यात. जुन्या गाडीत प्लगच्या वायरी असतील तर एकेक काढून एकेकच लावा, चार सिलिंडरला ठिणगीचा क्रम बहुधा १-३-४-२ असतो, एक वायर इकडची तिकडे झाली तरी गाडी फटफट करत बसते. हात लावायच्या आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा हो, फुकट आहे.

डिझेलवाल्यांनी फिल्टर बदलला की लाइनमध्ये हवा शिरते. डिझेलचा हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा, मग सेल्फ. आणि सेल्फ दहा सेकंदांच्या वर मारत बसू नका, मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर सेल्फ तापतो आणि बॅटरी पण बसते.

इंजिन पाण्याने धुतलं असेल तर बोनेट उघडं ठेवून वाळू द्या. ऑटोमॅटिक असेल तर गिअर पार्कमध्ये आहे ना बघा, हसू नका, होतं असं.

टर्मिनल घट्ट असूनही कट कट येत असेल तर बॅटरीला व्होल्ट मोजायचा मीटर लावा. गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी फुल, १२ च्या खाली म्हणजे बसली. दार उघडं टाकून दोन तास गाणी लावून काम केलं होतं ना? मग शेजाऱ्याची गाडी आणा, लाल केबल प्लसला प्लस, काळी आधी त्यांच्या मायनसला आणि दुसरं टोक आपल्या इंजिनच्या कोऱ्या लोखंडाला, बॅटरीपासून जरा लांब.