उरलेला अर्धा नारळ, वाटीभर भात, गोळाभर कणीक: या चुका टाळा

दोघांच्या घरात नारळ फोडला की अर्धा उरतोच, आणि ती वाटी तशीच उघडी फ्रिजमध्ये जाते. चार-पाच दिवसांत खोबरं बुळबुळीत होतं, चव साबणासारखी लागते. बुरशी आणि जंतू खोबऱ्यातली चरबी फोडतात, त्यातून सुटणाऱ्या आम्लाची ती चव. असं खोबरं धुऊन-भाजून सुधारत नाही, टाकायचं. नारळ फोडला की डोळ्यांकडची वाटी आधी वापरा आणि दुसरी त्याच दिवशी खवा. अर्ध्या-अर्ध्या वाटीच्या पुड्या करून, चपट्या थापून फ्रीजरमध्ये ठेवल्या की दोन महिने सहज टिकतात. एकाच डब्यात दाबून भरलं तर त्याचा दगड होतो. मग चमचाभर खोबऱ्यासाठी सगळा डबा बाहेर येतो, वितळतो, परत आत जातो, आणि तिथेच बिघडतो.

शिळ्या भाताला फोडणी दिली की सगळं मरतं, हा समज मात्र खरोखर धोक्याचा आहे. तांदळात असणाऱ्या बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू शिजवूनही टिकतात. भात रात्रभर ओट्यावर राहिला तर ते वाढून विष तयार करतात, आणि उलट्या घडवणारं हे विष फोडणीच्या आचेला दाद देत नाही. उरलेला भात कुकरात न ठेवता ताटात पसरा, वाफ गेली की तासाभरात झाकून फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी संपवा. गरम एकदाच करा, चांगली वाफ येईपर्यंत.

कणीक काळी पडते ती कोंड्यातल्या विकराला (एन्झाइमला) हवा लागून. गोळ्याला तेलाचा हात लावा आणि तो जेमतेम मावेल एवढ्याच डब्यात ठेवा. वरचा काळपट थर म्हणजे कणीक बाद नव्हे. आंबूस वास आला किंवा तार सुटली तर बाद. लाटण्याआधी पंधरा मिनिटं बाहेर ठेवा, नाहीतर पोळीच्या कडा फाटतात.

तळणीचं तेल लोखंडी कढईतच झाकून ठेवू नका, लोखंडामुळे ते लवकर खवट होतं. कोमट असताना फडक्यातून गाळा, काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात घट्ट झाकून ठेवा, आठवड्याभरात फोडणीला संपवा. ताज्या तेलात मिसळू नका. फेस येत असेल, चिकट झालं असेल किंवा नेहमीपेक्षा लवकर धूर सुटत असेल तर ते गेलं. सिंकमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो; रद्दी कागदात टिपून कचऱ्यात टाका.

कोथिंबीर धुऊन ठेवली की सडणारच. मुळं कापा, पिवळी पानं काढा, जुडी कोरड्या कागदात गुंडाळून डब्यात घाला आणि कागद ओला झाला की बदला.

चिरलेला कांदा विषारी होतो हा व्हॉट्सॲपवरचा निरोप खुशाल खोडून टाका. घट्ट डब्यात दोन दिवस फ्रिजमध्ये राहतो. उघडा ठेवला तर मात्र दुधालाही कांद्याचा वास लागतो.