बाळ बघायला जाताय? मग बाळंतिणीसाठी डबा घेऊन जा

मागच्या जुलैत माझ्या धाकट्या बहिणीचं सिझर झालं. भांडुपला वन बीएचके, आई गुडघ्यांमुळे येऊ शकली नाही, सासूबाई आठवडाभर राहून गावी गेल्या आणि नवऱ्याची रजा पाच दिवसांत संपली. नवव्या दिवशी मी गेले तर हॉलमध्ये चार पाहुणे बाळाचं नाक कोणावर गेलंय ते ठरवतायत आणि ही एका हाताने टाके धरून ओट्यापाशी चहा गाळतेय. मला इतकं वाईट वाटलं ना, सगळे प्रेमाने आलेले, प्रत्येकाने झबली-टोपडी आणलेली, पण तिला त्या दिवशी कोणीतरी आयता चहा हातात द्यायला हवा होता.

म्हणून जवळच्या कोणाकडे बाळ झालं असेल तर काय करायचं ते लिहितेय. आधी "काही लागलं तर सांग" हे म्हणणं सोडा. ती सांगत नाही, काम शोधून तुम्हाला द्यायचं एवढं डोकंच चालत नसतं त्या दिवसांत. त्यापेक्षा "गुरुवारी साडेसातला पोळ्या, दुधीची भाजी आणि मुगाचं वरण आणतेय, वर येऊ का दाराला पिशवी अडकवून जाऊ?" असा मेसेज टाका. "अडकव" म्हणाली तर मनाला लावून न घेता खरंच अडकवून निघा.

जेवणाचं जरा सविस्तर सांगते. नवं बाळ दिवसाला 8 ते 12 वेळा पितं आणि एकेक वेळ अर्धा-पाऊण तास जातो, म्हणजे आईला दोन्ही हात मोकळे असताना गरम जेवण जवळपास मिळतच नाही. म्हणून एका हाताने खाता येईल असं न्या, पोळीत कोरडी भाजी भरून केलेली गुंडाळी, थालीपीठ, उकडलेली अंडी. डिंकाचे किंवा मेथीचे लाडू द्याल ते फ्रिजवर ठेवू नका, पलंगाच्या उशाशी ठेवा आणि बाजूला पाण्याची बाटली, झाकण आधीच सैल करून, कारण रात्री तीनला दूध पाजताना जी भूक लागते ना ती भयंकर असते. अळिवाची खीर आवडत असेल तर उत्तमच, नसेल आवडत तर आग्रह नको. आणि डबा नवऱ्याला पण पुरेल एवढा, तो बिचारा वडापाववर दिवस काढत असतो.

पावसाळ्यात मुंबईत लंगोट आणि दुपटी वाळतच नाहीत, दमट राहिली तर बाळाला पुरळ येतं. मी बहिणीकडून ओली पिशवी घरी आणायचे, पंख्याखाली वाळवून इस्त्री करून दुसऱ्या दिवशी परत द्यायचे. कोणत्याही गिफ्टपेक्षा तिला ते जास्त आवडलं. तसंच सकाळी पाणी भरणं, दळण आणणं, किंवा मोठं भावंडं असेल तर त्याला दोन तास गार्डनमध्ये नेणं.

वर गेलात तर हात धुवा, बाळाचा पापा घेऊ नका, सर्दी-खोकला असेल तर जाऊच नका. आणि "दूध पुरतंय ना गं?" हे विचारू नका प्लीज, पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहाएक वेळा शू होतेय आणि वजन परत चढतंय तर दूध पुरतंय. घरचे मध चाटवायला निघाले तर मात्र प्रेमाने पण ठामपणे थांबवा, एक वर्षापर्यंत मध अजिबात नाही, बोट्युलिझमचा, म्हणजे जंतूंमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेचा धोका असतो. शेक-शेगडी करायचीच असेल तर बंद खोलीत कोळसे नकोत, त्या धुरातला विषारी वायू कळतही नाही.

बाबाकडेही बघा. खाजगी नोकरीत बापाला रजा मिळेलच असा कायदा नाही, आईला 2017 पासून पहिल्या दोन बाळांसाठी 26 आठवडे आहेत, त्यामुळे तो दिवसभर ऑफिसात आणि रात्री जागा. रात्री दूध पिऊन झालं की ढेकर काढणं, लंगोट बदलणं त्याने करायचं, म्हणजे तिला सलग दोन तास तरी झोप मिळते. 6, 10 आणि 14 आठवड्यांच्या लसींना एखाद्या वेळी तुम्ही सोबत जा, सिझरनंतर रिक्षाच्या खड्ड्यांत एकटीने बाळ सांभाळणं अवघड जातं.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच रडू येणं होतं, बहुतेकींचं दोनेक आठवड्यांत ओसरतं, तेव्हा फक्त जवळ बसा. पण त्यापुढेही चालू राहिलं, बाळ झोपलेलं असताना पण तिला झोप नाही, "माझ्याशिवाय बाळ बरं राहील" असं बोलायला लागली, तर नाटक करतेय म्हणू नका, डॉक्टरकडे न्या. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. नसलेले आवाज ऐकू येणं, स्वतःला किंवा बाळाला काही करण्याचं बोलणं, किंवा तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, 100.4 च्या वर ताप, एका पायाची पोटरी सुजून दुखणं, डोकं असह्य दुखून डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही दिसलं की सकाळची वाट न बघता थेट हॉस्पिटल.

भेट अर्ध्या तासाची ठेवा. निघताना सिंकमधली भांडी घासा, डायपरची कचऱ्याची पिशवी खाली घेऊन जा आणि दार ओढताना लॅचचा आवाज होऊ देऊ नका, आत दोघं नुकतेच झोपलेले असतात.