दुसऱ्यांदा श्रीलंका: आधी किनारा ठरवा, मग बाकीचं

पहिल्या फेरीत कँडी, चहाचे मळे, सिगिरिया असं सगळं धावतपळत बघून झालेलं असतं. परत जाताना प्राचीन नगरं, समुद्र आणि कोलंबो एवढंच ठेवा. व्हिसा, विमान, पैसे हे तुम्हाला ठाऊक आहेच.

१. महिना बघून किनारा निवडा

बहुतेकांचे बेत इथेच फसतात. मलाही हे गणित सुटायला सगळ्यात जास्त वेळ लागला. ‘डिसेंबर ते मार्च जा, हवा छान असते’ हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो निम्म्या बेटापुरताच खरा आहे.

श्रीलंकेत मोसमी पाऊस दोनदा येतो. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा पाऊस कोलंबो, गॉल, मिरिसा या बाजूला पडतो. मधले डोंगर त्याला अडवतात, म्हणून पूर्वेचं त्रिंकोमाली तेव्हा कोरडं असतं. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा पाऊस पूर्व किनारा गाठतो आणि दक्षिणेला ऊन पडतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस कुठेही कोसळतो. समुद्रासाठी तेव्हा जाऊच नका.

आता यात प्राचीन नगरं बसवा. अनुराधपूर आणि पोलोन्नरुवा कोरड्या पट्ट्यात आहेत. त्यांचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते जानेवारीतला. तोच वर्षभर पुरवण्यासाठी बाराव्या शतकात पराक्रमबाहू राजानं पोलोन्नरुवाला ‘पराक्रम समुद्र’ हा प्रचंड तलाव उभारला. म्हणजे डिसेंबरात दक्षिण किनारा उजळलेला असतो, पण स्तूपांभोवती चिखल असू शकतो.

माझं ठाम मत: जून ते सप्टेंबर जा. नगरं कोरडी, त्रिंकोमालीजवळचे निलावेली आणि उप्पुवेली हे किनारे शांत, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मिन्नेरिया तलावाचं पाणी ओसरलं की तिथे हत्तींचे मोठे कळप जमतात. हे महिने जमत नसतील तर फेब्रुवारी-मार्च धरा आणि दक्षिणेला जा. एकाच सहलीत दोन्ही किनारे मात्र कोंबू नका. एकीकडे हमखास पाऊस मिळतो आणि दिवस गाडीत जातात. मोसम नसताना हॉटेलं स्वस्त होतात त्याला भुलू नका. प्रश्न नुसत्या पावसाचा नाही. समुद्र खवळलेला असतो, पाण्याला आत ओढ असते. अशा वेळी पोहायला उतरणं जिवावर बेतू शकतं.

२. पौर्णिमा तपासा

दर पौर्णिमेला ‘पोया’ची सार्वजनिक सुट्टी असते. जूनच्या पोसोन पोयाला अनुराधपूर आणि त्याच्याजवळचं मिहिंतले हे तीर्थस्थान पांढऱ्या वस्त्रांतल्या यात्रेकरूंनी भरून जातात. तो सोहळा बघायचा तर खोली फार आधी घ्या, नाहीतर ते दिवस टाळा.

३. नगरं सकाळी, सायकलवर

पोलोन्नरुवाला पूर्ण दिवस द्या. सुरुवात उत्तरेकडच्या गल विहारापासून करा. एकाच खडकात कोरलेल्या बुद्धमूर्ती सकाळच्या उजेडात बघायला हव्यात. चोळांच्या काळातलं दगडी शिवमंदिर चुकवू नका. पवित्र जागी चपला आणि टोपी काढावी लागते, दुपारी फरशी पोळते. जाड मोजे जवळ ठेवा. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. मूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, लोक मनापासून दुखावतात.

सिगिरिया चढून झालं असेल तर या खेपेला शेजारचा पिदुरंगला हा खडक चढा. शेवटी मोठ्या दगडांवरून हात टेकत जावं लागतं, पण सिगिरियाचा अख्खा खडक तिथूनच दिसतो.

४. समुद्र

प्राचीन नगरांजवळच्या हबरणा गावाहून त्रिंकोमालीला सरळ रस्ता आहे. तिथलं कोनेश्वरम मंदिर संध्याकाळी. दक्षिणेला जाणार असाल तर कोलंबो फोर्ट स्टेशनहून गॉलची रेल्वे घ्या आणि उजवीकडे बसा, समुद्र त्याच बाजूला असतो.

५. कोलंबो शेवटी

पेट्टाचा बाजार सकाळी, समुद्राकाठचं गॉल फेस ग्रीन हे मैदान सूर्यास्ताला. बाजार रविवारी बराचसा बंद असतो, तेव्हा परतीचं विमान सोमवारचं असेल तर शनिवारी सकाळीच कोलंबोत पोहोचा.