काचेची इमारत आतून कशी पाहावी

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काचेच्या इमारती आपल्याला माहीत असतात त्या बहुधा बाहेरून काढलेल्या छायाचित्रांमुळे. त्यांचा माणसावर काय परिणाम झाला हे जाणून घ्यायचे असेल, तर आत उभे राहूनच त्या पाहायला हव्यात.

आरंभ जर्मनीतील आल्फेल्डच्या फागुस कारखान्यापासून करावा. बुटांचे साचे बनवण्यासाठी वास्तुविशारद वाल्टर ग्रोपियस आणि आडोल्फ मायर यांनी १९११ पासून उभारलेल्या या इमारतीचा कोपरा आधी पाहावा; जिथे नजर सवयीने जाड खांब शोधते, तिथे दोन्ही बाजूंची तावदाने एकमेकांना भिडलेली असतात.

ग्रोपियसनेच रचलेल्या, जर्मनीतील देसाऊ येथील बाउहाउस या कला-रचना शाळेच्या इमारतीत (१९२६) शक्यतो भर उन्हाळ्यात जावे. कार्यशाळांना मजल्यांमागून मजले झाकणारी काचभिंत उजेड भरपूर देई, पण काच एकपदरी असल्याने उन्हाळ्यात आत उकाडा आणि हिवाळ्यात गारठा असे. आज दिसणारी काचभिंत १९७६ च्या जीर्णोद्धारातली आहे, हे पाहताना ध्यानात ठेवावे.

सर्वाधिक वेळ मात्र चेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथील तुगेनधात कुटुंबाच्या घरासाठी (१९३०) राखून ठेवावा. मीस व्हान डेर रोहे यांनी ते उतारावर बांधले असून रस्त्याच्या बाजूने ते जवळजवळ तोंड फिरवून बसलेले दिसते. खाली दिवाणखान्यात उतरल्यावर मात्र बाग आणि शहर एकदम समोर येते, आणि तिथली दोन भलीमोठी तावदाने विजेच्या यंत्राने जमिनीखाली सरकवता येतात. इथे पडदे कुठे आहेत हे आवर्जून पाहावे, कारण कधी उघडे राहावे आणि कधी झाकले जावे, हा निर्णय या घराने राहणाऱ्यांच्या हाती ठेवला आहे. अशा घरात राहता येते का, असा वाद १९३१ मध्ये जर्मन नियतकालिकात रंगला, तेव्हा ग्रेटे तुगेनधात यांनी स्वतः घराची बाजू घेतली. माझ्या मते टीकाकारांपेक्षा त्यांच्या शब्दाला अधिक वजन द्यावे, कारण त्या तिथे राहत होत्या.

शेवटी पॅरिसमधील पिएर शारो यांनी रचलेल्या काचघराशी (१९३२) तुलना करावी. तिथे तळमजल्यावर स्त्रीरोगतज्ज्ञाचा दवाखाना होता, म्हणून दर्शनी भिंत काचेच्या जाड विटांची आहे: त्यांतून उजेड आत येतो, बाहेरच्याची नजर येत नाही.