एक डॉलरच्या नोटेवरून अमेरिकेची राष्ट्रचिन्हं कशी शिकवावीत

अमेरिकेच्या नागरिकत्वाची परीक्षा देणाऱ्या आईबाबांच्या किंवा सासूसासऱ्यांच्या हातात पहिल्याच दिवशी प्रश्नोत्तरांची यादी ठेवू नका. एक डॉलरची नोट ठेवा, आणि सोबत एक भिंग. मी पुण्यात शाळेत इतिहास शिकवायचे. आता इथे न्यू जर्सीत ओळखीतल्या ज्येष्ठ मंडळींची तयारी करून घेते, आणि सुरुवात नेहमी या नोटेपासूनच करते. यादीतली उत्तरं नुसती घोकली की ती मुलाखतीच्या खुर्चीत विसरतात. बोट ठेवून स्वतः मोजलेलं विसरत नाही.

नोटेची हिरवी, मागची बाजू वर करा. दोन वर्तुळं दिसतील. ही अमेरिकेच्या राजमुद्रेची दर्शनी आणि मागची बाजू. १९३५च्या मालिकेपासून ती एक डॉलरवर आहे. मुद्रा मात्र जुनी: ४ जुलै १७७६ लाच ती ठरवायला पहिली समिती नेमली होती. फ्रँकलिन, ॲडम्स आणि जेफरसन, अशी तिघं मोठी माणसं त्यात होती. त्यांचा आराखडा मंजूर झाला नाही. त्यानंतर आणखी दोन समित्या झाल्या, आणि शेवटी काँग्रेसचे, म्हणजे तिथल्या संसदेचे, सचिव चार्ल्स थॉमसन यांनी सगळ्यांचं चांगलं ते घेऊन आराखडा पक्का केला. २० जून १७८२ ला तो मंजूर झाला. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं हे की थॉमसननी चित्रासोबत अर्थही लिहून दिला. म्हणून मी शिकवताना तोच अर्थ सांगते, ऐकीव काही सांगत नाही.

आता उजव्या वर्तुळातला गरुड घ्या. घाईने पुढे जाऊ नका, अर्धा तास इथेच द्या. छातीवरच्या ढालीचे उभे पट्टे मोजायला लावा: तेरा. डाव्या पंजातले बाण: तेरा. डोक्यावरच्या तेजोवलयातले तारे: तेरा. चोचीतल्या फितीवर ‘ई प्लुरिबस उनम’ लिहिलंय, म्हणजे अनेकांतून एक. त्याची रोमन अक्षरं मोजा, तीही तेराच. आमच्या वर्गातल्या एका काकूंनी भिंग डोळ्याशी नेऊन बाण दोनदा मोजले आणि म्हणाल्या, “बाई, मग झेंड्यावरचे तेरा पट्टेसुद्धा त्याच तेरा राज्यांचे ना?” परीक्षेतल्या एका प्रश्नाचं उत्तर त्यांना यादी न उघडताच मिळालं होतं. ब्रिटनपासून फुटून निघालेल्या तेरा वसाहती, त्यांचीच ही खूण.

ढालीवर वरच्या बाजूला एक आडवा पट्टा आहे, तोही दाखवा. उभे पट्टे म्हणजे राज्यं, आणि त्यांना एकत्र धरणारा आडवा पट्टा म्हणजे काँग्रेस. ढालीला बाजूने कुणी धरलेलं नाही, कारण या देशाने स्वतःच्याच सद्गुणांवर उभं राहावं, असं थॉमसन लिहितात. मला या साऱ्या मुद्रेत हेच वाक्य सर्वांत मोलाचं वाटतं. गरुडाच्या उजव्या पंजात ऑलिव्हची फांदी, डाव्यात बाण. शांतता आणि युद्ध, दोन्हींचा अधिकार काँग्रेसकडे. युद्ध घोषित करण्याचा अधिकार कुणाकडे, हा प्रश्न आला की पंजे आठवायला सांगा.

डावं वर्तुळ थोडक्यात आटपतं. अपुरा पिरॅमिड म्हणजे बळ आणि टिकाऊपणा. पायथ्याशी रोमन आकड्यांत १७७६. वरचा डोळा म्हणजे स्वातंत्र्याच्या लढ्याला लाभलेली ईश्वरी कृपा, हे थॉमसन यांचंच स्पष्टीकरण. या डोळ्यावरून गुप्त संघटनांच्या गोष्टी कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या असतातच. त्यात वेळ घालवू नका.

गरुडाचं एक सांगायला हवं. बाल्ड ईगल मुद्रेवर १७८२ पासून असला तरी कायद्याने राष्ट्रीय पक्षी झाला तो डिसेंबर २०२४ मध्ये. डोक्यावरची पांढरी पिसं त्याला साधारण पाच वर्षांचा झाल्यावर येतात. डीडीटी या कीटकनाशकामुळे त्याच्या अंड्यांची कवचं पातळ होऊन फुटायची आणि तो जवळजवळ नाहीसा झाला होता. १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली, आणि २००७ मध्ये संकटग्रस्त यादीतून त्याचं नाव निघालं.

मग झेंड्याकडे वळा. १४ जून १७७७ च्या ठरावात तेरा पट्टे आणि तेरा तारे आहेत, रंगांचा अर्थ मात्र दिलेला नाही. आपल्या तिरंग्याच्या रंगांचे अर्थ शाळेपासून पाठ असल्यामुळे आपली माणसं हा प्रश्न हटकून विचारतात. पांढरा निर्मळपणाचा, लाल धैर्य आणि शौर्याचा, निळा दक्षता, चिकाटी आणि न्यायाचा, हे अर्थ थॉमसननी मुद्रेच्या रंगांना दिले. झेंड्याला ते नंतर लोकांनी लावले. ते तसंच सांगा. बेट्सी रॉस यांनी पहिला झेंडा शिवला ही गोष्टही त्यांच्या नातवाने १८७० मध्ये सांगितलेली आहे, समकालीन पुरावा नाही. एक काळ पट्टेही पंधरा झाले होते. १८१४ मध्ये बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्रीवर फडकलेला, ज्याच्यावरून राष्ट्रगीत सुचलं, तो झेंडा पंधरा पट्ट्यांचाच होता. १८१८ मध्ये ठरलं की पट्टे कायम तेरा, तारे राज्यांइतके. हवाई हे राज्य झाल्यानंतर, ४ जुलै १९६० पासून तारे पन्नास.

४ जुलैला घराच्या भिंतीवर झेंडा लावणार असाल तर ताऱ्यांचा निळा चौकोन बघणाऱ्याच्या डाव्या हाताला, वर. झेंडा उभा लटकवला तरीही तसाच. आडवा झेंडा नुसता फिरवून उभा केला की चौकोन उजवीकडे जाऊ शकतो. तसं झालं तर उलटून घ्या. रात्री ठेवायचा तर त्यावर दिवा हवा.

स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा शक्यतो प्रत्यक्ष दाखवा. आपल्या जर्सी सिटीच्या लिबर्टी स्टेट पार्कमधूनही फेरी सुटते. मशाल सगळ्यांना दिसते, पायांशी तुटलेल्या साखळ्या आहेत हे खालून कळत नाही, म्हणून आधी फोटो दाखवून ठेवा. हातातल्या पाटीवर ४ जुलै १७७६ आहे, ते पिरॅमिडच्या पायथ्याशी जोडून द्या. पुतळा फ्रान्सच्या लोकांकडून आला, २८ ऑक्टोबर १८८६ ला त्याचं लोकार्पण झालं.

आता यादी उघडा. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज केलेल्यांसाठी प्रश्न १२८ आहेत, त्यांतले वीसपर्यंत विचारतात आणि बारा बरोबर यावे लागतात. वय ६५ किंवा त्याहून जास्त आणि ग्रीन कार्डाला २० वर्षं झालेली असतील तर प्रश्न कमी असतात आणि परीक्षा मराठीतून देता येते. दुभाषी आपणच न्यायचा. त्या दुभाष्याला मुलाखतीआधी एकदा घरी बोलवा, नोट आणि भिंग घेऊन दोघांना शेजारी बसवा, आणि ‘वसाहत’, ‘राज्यघटना’ या शब्दांसाठी तो काय म्हणणार आहे ते तिथेच ठरवून घ्या.